आधी ठेवा, मग काढा

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर आधीच माफी मागतो, आणि शब्दही माझे साधेच आहेत, आठवीत शाळा सुटली ती सुटलीच, जड बोलायला जमत नाही, आणि हे सगळं कागदावर लिहून आणलंय कारण चार माणसांपुढे उभा राहिलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते... पण म्हणून काय गप्प बसायचं? नाही, तुम्हीच सांगा ना, माणूस बदलायचा म्हणजे काय टायर बदलायचाय? टायरचं मला विचारा! मी दिपक, चारोटी नाक्यावर पंक्चरच्या दुकानात कामाला आहे, टायर कधी फेकायचा आणि कधी नुसता पॅच मारून अजून दोन पावसाळे चालवायचा हे मला हात लावून कळतं. माणसाचं असं हात लावून कळतं का हो?

पण आमच्या दुकानासमोर ज्यांचं हॉटेल आहे त्या शेठना कळतं! नाव घेत नाही, आमचा चहा तिथूनच येतो. त्यांनी फुटबॉलचा क्लब काढलाय, आणि तुम्हाला सांगतो, या एका सीझनमध्ये त्यांनी सात कोच बदलले. सात! एक मॅच हरली की शेठ गल्ल्यावरून उठतात, "अरे भाय, हारला ने? मग ठेवून काय त्याचं लोणचं घालू? बदल ने! दुसरा आण ने!" की झालं. ट्रॅकसूट मात्र एकच. पाठीवर 'हेड कोच' लिहिलेला. जुना कोच तो उतरवतो, नवा चढवतो. तिसरा कोच जाडा होता, त्यानं चेन तोडली. पाचवा एवढा उंच, की पँट गुडघ्याखाली चार बोटांवर संपायची. चौथ्याला तर कोणी सांगितलंच नाही, हाफटाइमला सगळ्यांना चहा आला आणि त्याला आला नाही, त्यावरून तो समजला आणि आमच्या दुकानाच्या बाकावर येऊन बसला. तिथं आधीच एकजण जीपमधून उतरून बसला होता. दोघं गप्पा मारायला लागले. "कुठं निघालात?" "घरी. तुम्ही?" "मी इथं नवीन कोच म्हणून आलोय." मी खाली मान घालून ट्यूब पाण्यात बुडवत होतो, मला तर कुठून बुडबुडे येतायत तेसुद्धा दिसेना!

आणि एवढं करून क्लब कुठं पोचला? दुसऱ्या राऊंडला बाहेर. दर वर्षी दुसऱ्या राऊंडला बाहेर!

आता आमचं ऐका. सायवनच्या पुढं आमचा पाडा. आमचा संघ आहे चौदा वर्षांचा, आणि मैदानाच्या कडेला उभा राहून सांगणारा माणूस कोण? भिकामामा. पहिल्या वर्षी कोण? भिकामामा. मधल्या वर्षी? भिकामामा. चौदा वर्षं, एकच माणूस! आहे का कोणाकडे? तलासरीच्या टुर्नामेंटमध्ये चौदा वर्षांत नऊ वेळा फायनल खेळलोय आम्ही. नऊ! जिंकलो एकदाही नाही, ते सोडा. पहिलं बक्षीस कप आणि बोकड, दुसरं बक्षीस सहा कोंबड्या. नऊ वेळा सहा... आमच्या पाड्यात कोंबडं आरवलं की समजायचं, उपविजेता बोलतोय.

भिकामामा कोसबाडला रोपवाटिकेत कामाला, चिकूची कलमं बांधतो. हात असा हलका, की कलमालासुद्धा कळत नसेल आपल्याला कापलं म्हणून. आणि बोलणं किती? दिवसाला दहा वाक्यं. त्यातली सहा आम्हाला. आमचं मैदान म्हणजे भात कापल्यावरचं शेत. मधून एक बांध जातो. त्या बांधावर, डोक्यावर गवताचा भारा घेऊन मामा उभा. भारा खाली ठेवत नाही! का? तर म्हणतो, "मी काय, मी आपला जाता जाता बोलतो." चौदा वर्षं तो जाता जाताच बोलतोय! पहिल्या दिवशी खरंच जात होता म्हणे. पोरं खेळत होती, मामा थांबला आणि म्हणाला, "अरे, तो तिकडं एकटा उभा आहे, त्याला दे की." दिला. गोल झाला. दुसऱ्या दिवशी पोरं बॉल पायात घेऊन बांधाकडं बघत उभीच राहिली, मामा कधी जातो म्हणून!

त्या बांधाचंही सांगतो. आम्ही लहानपणापासून त्या शेतात खेळलेलो, त्यामुळे मध्यावर आलं की पाय आपोआप वर जातो, बांध ओलांडायला. तलासरीचं मैदान सपाट, हे डोक्याला कळतं, पायाला कळत नाही! आमचे दहाच्या दहा जण मैदानाच्या मधोमध हवेत उडी मारून पुढं जातात. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी समोरचे खेळाडू पाय घालायला आले आणि आमचे वरून गेले. तिसऱ्या वर्षी तीन संघ तसं शिकायला लागले! मामाला विचारलं, ही उडी मोडायची का? तर म्हणाला, "राहू दे. लागलेलं आहे, उपटू नका."

आणि दहाच्या दहा का म्हणालो? कारण अकरावा मी. मी गोलकीपर. मी मध्यावर जात नाही. शाळा सुटल्यावर मी महिनाभर घरातून बाहेर पडलो नव्हतो, कोणी काही विचारलं तर काय बोलायचं? मामा भारा घेऊन आमच्या दारावरून चालला होता, म्हणाला, "दिप्या, गोलमध्ये जाऊन उभा राहा. तिथं बोलावं लागत नाही." उभा राहिलो. सहा वर्षं झाली. त्या दोन खांबांच्या मध्ये उभं राहूनच मी परत माणसांत आलो, हे मी मामाला कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? तिथं बोलावं लागत नाही ना!

मी आल्यापासून पाच फायनल झाल्या. एकदा सूर्य डोळ्यात होता. एकदा बॉल ओला होता. एकदा मागून कोणीतरी "दिपक" म्हणून हाक मारली आणि मी वळून बघितलं, तो दुसराच दिपक. एकदा आठवत नाही. आणि या वर्षी... या वर्षी एक-एक अशी बरोबरी होती, शेवटचं मिनिट, आणि बॉल इतका हळू आला हो, इतका हळू, की मला वाटलं हा बाहेरच चाललाय, आपण कशाला मध्ये यायचं? मी बाजूला झालो. गेला आत. सहा कोंबड्या.

झालं, संदीप पेटला! संदीप आमचा सेंटर फॉरवर्ड, वापीला कंपनीत जातो, मोबाईलवर परदेशातल्या मॅच बघतो, आणि जीपमध्ये बसल्यापासून जे सुरू झाला ते सायवन येईपर्यंत. "तिकडं बघा! तीन मॅच हरला की मॅनेजर घरी! आम्ही चौदा वर्षं एकच घेऊन बसलोय! बदला! नवीन आणा! शेठनं काढलेले सात जण रिकामे आहेत, त्यातला एक आणा!" मी हळूच म्हणालो, तुझ्याच मोबाईलवर ते पण होतं ना, की एका मोठ्या क्लबनं एकच माणूस पंचवीस-सव्वीस वर्षं ठेवला आणि कप ठेवायला कपाट पुरेना. तर म्हणतो, "तो जिंकत होता, दिप्या! आपण अंडी गोळा करतोय!"

आता आमच्या पाड्यात एक रीत आहे. कोणाबद्दल काही ठरवायचं असेल तर तो माणूस समोर बसलेला पाहिजे. पाठीमागं ठरवायचं नाही. म्हणून लाहूबाबांनी, ते आमच्यात सगळ्यात मोठे, सगळ्यांना चिंचेखाली बोलावलं आणि भिकामामाला पण बोलावलं. स्वतःला काढायच्या बैठकीला मामा सगळ्यांच्या आधी येऊन बसला, आणि बसायला गोणपाटही त्यानंच आणलं!

संदीप उभा राहिला. "विषय असा आहे, की मॅनेजर बदलायचा."

मामानं मान डोलावली. "बदला की. नसेल जमत तर बदलावा. कोण आहे?"

"कोण आहे म्हणजे?"

"म्हणजे आपल्याकडे मॅनेजर कोण आहे? मी तर कधी बघितला नाही."

संदीप म्हणाला, "मामा... तूच ना."

"मी?" मामा सगळ्यांकडं बघायला लागला. "मला कधी ठेवला?"

आता काय सांगणार! खरंच, कधी ठेवला? कोणी ठेवला? लाहूबाबांना विचारलं, ते म्हणाले, मी नाही. जुने खेळाडू म्हणाले, आम्ही नाही. नारळ फोडला होता का? नाही. टिळा? नाही. कोणी तोंडानं तरी म्हणालं होतं का, की मामा, आजपासून तू? कोणीच नाही! चौदा वर्षं, एकच माणूस, आणि त्याला कोणी ठेवलेलाच नाही! मामा म्हणाला, "मी आपला जाता जाता..."

"माहीत आहे!" संदीप ओरडला. "मग उद्यापासून जाऊ नकोस ना तिकडून!"

नवशीमामी, मामाची बायको, मागं बायकांत बसली होती, ती म्हणाली, "का नाही जाणार? आमचं गवत तिकडंच आहे." झालं, तोही मार्ग बंद.

मामानं एवढंच म्हटलं, "कलम लावलं की वेळ द्यावा लागतो, संदीप."

"चौदा वर्षांत चिकू लागतो, मामा! चिकू! पेट्या भरून मुंबईला जातो!"

लोक हसले. मामा पण हसला. पण मी त्याच्याकडं बघत होतो, त्यानं भाऱ्याचा दोर हातात घेतला आणि उगाच त्याच्या गाठी मारत आणि सोडत बसला. मला वाटलं, हा उठून गेला तर परत त्या बांधावर उभा राहणार नाही. कोणी काढो ना काढो. आणि तो नसेल तर त्या शेतात नुसती अकरा माणसं इकडून तिकडं पळतायत, त्यात बघण्यासारखं काय राहिलं?

शेवटी लाहूबाबांनी खाकरून निकाल दिला. "जो ठेवलेला नाही, त्याला काढता येत नाही. काढायचाच असेल तर आधी ठेवा, मग काढा. येत्या रविवारी. भिकाच्या अंगणात. दोन्ही कामं एकदम उरकू." आणि मामा काय म्हणाला असेल? "चालेल. रीत ती रीत. जेवायला तिथंच थांबा सगळे."

आणि दोन्ही कागद लिहायचे कोणी? दिपकनं! का, तर माझं अक्षर बरं आहे. आणि वाचायचे पण दिपकनंच. मी नाही म्हणणार होतो, पण नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत बैठक उठली.

दुकानात बसून लिहायला घेतले. पहिला कागद, ठेवण्याचा. का ठेवतोय ते लिहा, असं लाहूबाबा म्हणाले होते. अर्ध्या तासात पान भरलं, मागची बाजू भरली, तरी संपेना. आमच्या संघातल्या सुदामचा पाय मोडला तेव्हा मामानं त्याला पाठीवर घेऊन सायवनपर्यंत आणला, ते लिहिलं. दोन खेळाडू एकमेकांना शिव्या देत होते म्हणून त्या दोघांना महिनाभर एकाच बैलजोडीमागं नांगरायला लावलं, ते लिहिलं. चौदा वर्षांत एकालाही 'तू येऊ नकोस' म्हणाला नाही, ते लिहिलं. मग दुसरा कागद घेतला, काढण्याचा. "भिकामामा यांना आजपासून काढण्यात येत आहे, कारण"... आणि थांबलो. एक ट्रक आला, त्याचं चाक काढलं, लावलं. परत बसलो. कारण... शनिवारपर्यंत तो कागद 'कारण' या शब्दावरच उभा होता.

रविवारी सकाळी अंगण सारवलेलं, सगळा पाडा हजर, या वर्षीच्या सहाही कोंबड्या चुलीवर, नागलीच्या भाकऱ्या. मामा नवा शर्ट घालून, केस पाणी लावून बसवलेले, आणि तुम्हाला सांगतो, बसायला खुर्ची! चौदा वर्षांत मामाला खुर्चीत बसलेला मी प्रथम बघितला. लाहूबाबांनी टिळा लावला, टोपी घातली, टॉवेल दिला, नारळ हातात ठेवला. मी पहिला कागद वाचला. कसा वाचला देव जाणे, पण वाचला. सुदामच्या पायाचं आलं तेव्हा सुदाम कोंबड्या बघायला म्हणून उठून गेला. शेवटी "आजपासून मॅनेजर म्हणून ठेवण्यात येत आहे" म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि मामानं टोपी काढून परत घातली. नुसती. दोनदा.

मग लाहूबाबा म्हणाले, "आता दुसरा."

मी दुसरा कागद उघडला. 'कारण'पर्यंत आलो. आणि जीभ गेली. सगळे बघतायत. संदीप खालून, "वाच ना, दिप्या, वाच!" मामाला माझी दया आली, म्हणाला, "वाच रे बाबा, मला काही वाटणार नाही. रस्सा आटतोय." तरी नाही! शेवटी माझ्या तोंडून निघालं, आणि मोठ्यानं निघालं, "पुढं लिहिलेलं नाही! मला कारण मिळालं नाही! संदीप, तुझ्याकडं असेल तर तू भर!" आणि कागद आणि पेन त्याच्यापुढं केलं.

संदीपनं पेन घेतलं. हो, घेतलं! कागदावर टेकवलं. मामाकडं बघितलं. त्या टोपीकडं बघितलं. बॉल कसा मारायचा हे संदीपला कोणी शिकवलं? मग कपाळ खाजवलं आणि पेन मला परत दिलं. "शाई संपलीय याच्यातली," म्हणाला. शाई होती! मी दुकानात त्याच पेननं लिहितो!

लाहूबाबा म्हणाले, "कारण नाही, तर काढला नाही. ठेवलेला आहे तो ठेवलेला. वाढा." काय आवाज झाला म्हणता! चौदा वर्षं, एकच माणूस, आणि आता रीतसर! माझी छाती अशी... मी कधी एवढ्या माणसांपुढं बोललो नव्हतो, आणि बोललो ते मामासाठी. नवशीमामीनं मला पहिलं वाढलं, तंगडी.

तेवढ्यात मामा खुर्चीवरून उठला. "एक मिनिट. मी आता ठेवलेला मॅनेजर आहे ना?"

"आहे," लाहूबाबा म्हणाले.

"माझं ऐकायचं ना सगळ्यांनी?"

"ऐकायचं."

मामा माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. तोच हलका हात. "दिप्या, तू गोलकीपर बरा नाहीस रे. सहा वर्षं सांगायचं होतं. पण मलाच कोणी ठेवला नव्हता, तर मी कोणत्या तोंडानं तुला काढणार? मी जाता जाता म्हटलं होतं, उभा राहा. मला काय माहीत, तू कायमचा उभा राहशील! आपला हाल्या बघ, ट्रकमध्ये विटा भरतो. खालून दोन-दोन फेकतात, दिवसाला हजार झेलतो, एक पडत नाही. उद्यापासून तो."

तंगडी माझ्या हातात तशीच. संदीप तर उठून नाचायलाच लागला, "मॅनेजर बरा आहे! मॅनेजर बरा आहे!" आणि मी आपलं स्वतःशीच पुटपुटलो, की मला तरी कुठं कोणी ठेवलं होतं... ते लाहूबाबांनी ऐकलं! म्हातारा, पण कान बघा! "बरोबर बोलतोय पोरगा. याला पण कोणी ठेवलेला नाही. थांबा सगळे. आधी ठेवा, मग काढा."

आणि ठेवला हो मला! मामाच्या डोक्यावरची टोपी माझ्या डोक्यावर, तोच टॉवेल, तोच नारळ, कपाळाला टिळा. "दिपक याला गोलकीपर म्हणून ठेवण्यात येत आहे." टाळ्या! आणि त्या टाळ्या थांबायच्या आत, "दिपक याला काढण्यात येत आहे, कारण"... आणि कारणाला या वेळी कोणाच्या पेनाची शाई संपली नाही, तुम्हाला सांगतो! सगळा पाडा एकदम सांगायला लागला. सूर्य, ओला बॉल, दुसरा दिपक, ज्या फायनलचं मला आठवत नव्हतं तिचं पण सगळ्यांना आठवत होतं! चारोटीच्या शेठनंसुद्धा प्रत्येकाला अर्धी मॅच तरी दिली होती. मी एक मिनिट टिकलो. आमच्या संघाच्या इतिहासात काढलेला माणूस एकच, तो मी. आणि तरी सांगतो, मामा बरोबर होता. जो एवढी वर्षं थांबून, हक्क मिळाल्यावरच बोलतो, त्याच्या हातून काढला गेलो, याचा मला... काय म्हणतात त्याला... अभिमानच आहे. तंगडी मात्र गार झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं सहाला शेतात गेलो. हाल्या गोलमध्ये उभा. मामा मला बघून खूश झाला, म्हणाला, "आलास? बरं झालं. तू गोलच्या मागं उभा राहा, बॉल सुटून मागं गेला की आणून द्यायचा. आता रीतसर ठेवतो तुला." राहिलो उभा. दीड तास सगळे मिळून मारत होते, वरून, खालून, संदीप तर बांधावरून पळत येऊन. दीड तास! एक बॉल मागं आला नाही हो. एक नाही. आठ वाजले तसा मामाला म्हणालो, मी दुकानात जातो.